वेलनेचा कसा ओळखावा, कुठे शोधावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की कुंपणावरच्या, रस्त्याकडेच्या एका नाजूक वेलीचे फोटो यायला लागतात. "ही कुठली वेल? फुलं का येत नाहीत? पानाच्या कडेला दाते कसले?" बहुतेक वेळा ती वेल म्हणजे लायगोडियम फ्लेक्सुओसम हा आपल्याकडचा चढणारा नेचा असतो. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे अवघड होत जातात. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वेलनेचा म्हणजे नक्की काय? ही साधी वेलच आहे ना?

वेलीसारखा चढतो, पण हा नेचा आहे. नेच्यांना फुलं नाहीत, फळं नाहीत, बिया नाहीत. त्यांची पुढची पिढी बीजाणूंपासून येते आणि हे बीजाणू पिठासारखे बारीक असतात. बाशिंग, हंसराज ही आपल्या ओळखीची मंडळी याच गटातली. लायगोडियमच्या प्रजातीत (प्रजाती म्हणजे एकमेकींच्या जवळच्या जातींचा गट) जगभरात सुमारे ४० जाती आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या उष्ण प्रदेशांत वाढतात. फ्लेक्सुओसम ही जात भारत, श्रीलंका, दक्षिण चीन, आग्नेय आशिया ते उत्तर ऑस्ट्रेलिया एवढ्या पट्ट्यात मूळचीच आहे. कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर ती कुणी आणून लावलेली नाही, इथलीच आहे.

२. याला मराठीत काय म्हणतात?

सगळीकडे चालेल असं एक पक्कं नाव नाही. एकाच तालुक्यातल्या दोन गावांत वेगळी नावं ऐकायला मिळतात, आणि तेच नाव शेजारी कुणी दुसऱ्याच वेलीला देतं. म्हणून इथे "वेलनेचा" हा सरळ वर्णन करणारा शब्द वापरला आहे. मल्याळममध्येही असंच आहे. तिथे "वळ्ळिपन्ना" म्हणतात, म्हणजे वेल-नेचा. हे नाव सतराव्या शतकाच्या शेवटी पूर्ण झालेल्या डचांनी काढलेल्या हॉर्टस मलबारिकस या लॅटिन ग्रंथात नोंदलेलं आहे. त्या ग्रंथाच्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचा हात होता आणि त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी निवेदन ग्रंथात छापलेलं आहे. तुमच्या गावात याला वेगळं नाव असेल तर फोटोबरोबर ते नाव, गाव आणि सांगणाऱ्याचं अंदाजे वय जरूर लिहून ठेवा. अशी नावं जुन्या माणसांबरोबर जातात.

३. खोड तर स्पष्ट दिसतं. मग ते खोड नाही असं का सांगतात?

या झाडाची सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच आहे. कुंपणावर चढलेली, सुतळीपेक्षा बारीक, तारेसारखी चिवट दोरी दिसते ना, ती पानाची मधली शीर आहे. खरं खोड जमिनीखाली आडवं पसरतं. ते बोटभर जाडसुद्धा नसतं आणि त्यावर काळपट केसांची लव असते. त्या खोडातून एकेक पान वर येतं आणि ते पान टोकाला वाढतच राहतं. फ्लेक्सुओसमचं एक पान सहज तीन-चार मीटर, कधी त्याहून लांब जातं. याच प्रजातीतल्या जपोनिकम जातीची पानं ३० मीटरपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. वनस्पतींच्या जगातल्या सर्वांत लांब पानांत ती मोजली जातात.

म्हणजे तुमच्या गडग्यावर दहा "वेली" दिसत असतील तर ती एकाच नेच्याची दहा पानं असू शकतात. एकदा एका दोरीचा माग काढत खाली मातीपर्यंत जाऊन बघा. मधे कुठेही फांदी फुटलेली किंवा मूळ सुटलेलं दिसणार नाही.

४. लांबून, चालता चालता ओळखायचा असेल तर?

रंग बघा. पोपटीकडे झुकणारा हिरवा, उन्हात थोडा पिवळसर. मग बघा, पानं जोडीजोडीने आली आहेत का. प्रत्येक जोडी पिसासारखी, जोड्यांमध्ये टीचभर ते वीतभर अंतर. टोकाला आकड्यासारखी वळलेली कोवळी गुंडाळी असेल तर नेचा हे जवळजवळ ठरलंच. मात्र लांबून दिसलेल्या वेलीवर नाव ठरवून मोकळं होऊ नये. जवळ जायलाच हवं.

५. आणि जवळून? खात्री पटेल अशा खुणा कोणत्या?

चार खुणा आहेत आणि चारही एकाच वेळी दुसऱ्या कुठल्याही वेलीत सापडत नाहीत.

पहिली खूण डोळ्याची. मधल्या दोरीपासून पिसांची जोडी निघते तिथे आधी एक आखूड बुंधा असतो, तीन ते पाच मिलिमीटरचा, भाताच्या दाण्याएवढा. त्याच्या टोकाला तपकिरी केसांनी झाकलेला एक डोळा असतो आणि डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पीस. हा डोळा सहसा झोपलेलाच राहतो. दोरीचं टोक तुटलं, गुराने खाल्लं की यातलाच एखादा जागा होतो आणि नवी दोरी पुढे चालू लागते.

दुसरी खूण पर्णिकांचा, म्हणजे पिसातल्या छोट्या पानांचा आकार. पिसातल्या पर्णिका लांबट, कडेला बारीक दातेरी. टोकाची सर्वांत लांब, बऱ्याचदा ५ ते १५ सेंटिमीटर. बुडाशी असलेल्या पर्णिकांना मात्र खालच्या बाजूला एक-दोन पाळ्या फुटलेल्या असतात, त्यामुळे त्या भाल्याच्या पात्यासारख्या किंवा पंजासारख्या दिसतात.

तिसरी खूण शिरा. पान उजेडासमोर धरा. मधल्या शिरेपासून बाजूच्या शिरा निघतात, त्यांना दोन फाटे फुटतात आणि त्या सरळ कडेपर्यंत जातात. एकमेकींना मिळून जाळं कुठेच करत नाहीत. करांद्यासारख्या वेलींच्या पानात मात्र शिरांचं जाळं असतं.

चौथी खूण झालर. ही एकटी दिसली तरी प्रजातीचं नाव बिनदिक्कत सांगता येतं. पिकलेल्या पर्णिकेच्या कडेला दात्यांच्या जागी छोटी छोटी बोटं बाहेर आलेली असतात, तीन मिलिमीटरपासून सेंटिमीटरभर लांब. आमच्या वाडीच्या मागे जांभ्याचा जुना गडगा आहे. दर ऑक्टोबरात तिथे दहा पट भिंग घेऊन मी उभा राहतो. नुसत्या डोळ्यांना ती बोटं कुणी कात्रीने कडा कातरल्यासारखी दिसतात. भिंगातून दिसतं ते निराळंच. प्रत्येक बोटावर दोन ओळींत कौलं रचल्यासारखी झाकणं आणि प्रत्येक झाकणाखाली बीजाणूंची एकच पिशवी. पिकलेल्या दिवसांत पर्णिका हलकेच बोटावर आपटली की पिवळसर तपकिरी भुकटी लागते.

६. माझ्या वेलीला झालर नाहीच. मग तो वेलनेचा नाही का?

असू शकतो. दोरीच्या खालच्या भागातली पिसं बहुतेक वांझ असतात, म्हणजे त्यांना बीजाणू येत नाहीत. झालर वरच्या, उन्हात पोहोचलेल्या भागात येते. दाट सावलीत वाढणारा किंवा अजून कोवळा नेचा वर्षभर झालरीशिवाय राहू शकतो. तेव्हा आधी वर बघा, झाडाच्या शेंड्याकडे किंवा कुंपणाच्या उन्हाच्या बाजूला. तिथेही नसेल तर प्रश्न ५ मधल्या पहिल्या तीन खुणांवर काम भागवा. डोळ्याची खूण वांझ पिसालाही असतेच.

७. एकाच ठिकाणी दोन-तीन वेगळ्या आकाराची पानं दिसतात. एकाहून जास्त जाती आहेत का?

बहुतेक वेळा नाही. नुकत्याच उगवलेल्या रोपाची पहिली पानं चढतच नाहीत. ती जमिनीलगत उभी राहतात आणि हाताच्या पंजासारखी तीन ते सात पाळ्यांत चिरलेली असतात. ही पानं पाहून चांगले जाणकारही चकतात. थोडं वय झालं की चढणारी पानं येतात, त्यात खाली रुंद पर्णिका आणि वर अरुंद, झालरीच्या. तिन्ही रूपं हातभर जागेत सापडली तर आधी एकच जात धरून चला.

८. शोधायचा कुठे? कुठल्या प्रकारच्या जागेत मिळेल?

एका शब्दात सांगायचं तर काठावर. जंगल जिथे संपतं आणि मोकळं सुरू होतं त्या रेघेवर हा राहतो. घनदाट सावलीत तो खुरटतो आणि उघड्या कातळावर त्याला चढायला आधार नसतो. पाय सावलीत, ओलसर पालापाचोळ्यात आणि डोकं उन्हात अशी त्याची मागणी आहे, आणि ती काठावरच पुरी होते.

कोकणात असे काठ पावलोपावली आहेत. काजू-आंब्याच्या बागेभोवतीचे गडगे, पायवाटेच्या दोन्ही अंगांची वई, बांबूची बेटं, ओढ्याकाठची झुडपं, देवराईची बाहेरची कड, घाटरस्त्याची दरड जिथे माती जरा साठली आहे. जांभ्याची, निचरा होणारी, किंचित आम्ल माती त्याला मानवते. सावंतवाडीहून आंबोलीकडे चढताना किंवा गोव्यात मोलेच्या बाजूला रस्त्याकडेची झुडपं नीट बघत गेलात तर सापडेल. करवंद, दिंडा, धायटी अशी झुडपं जिथे गुंतलेली असतात तिथे हमखास नजर टाका. त्यांच्या फांद्या त्याला शिडीसारख्या उपयोगी पडतात.

घाटमाथ्याच्या पूर्वेला पाऊस घटत जातो तसा हाही विरळ होतो. देशावरच्या कोरड्या माळांवर शोधण्यात अर्थ नाही. मध्य भारतात पचमढीसारख्या ओलसर डोंगराळ भागात मात्र तो पुन्हा भेटतो. अंतर कितीही असो, ओल आणि काठ या दोन गोष्टी जुळल्या की जागा जुळते.

९. कोणत्या महिन्यात जावं?

जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर जमिनीतून नवे आकडे वर येतात. त्या वेळी ते बघण्यासारखे असतात. पान उलगडलेलं नसतं, नुसती उघडी दोरी हवेत उभी असते. तिचं वळलेलं टोक आधार शोधत हळूहळू गोल फिरतं. सकाळी एका काटकीकडे झुकलेलं टोक संध्याकाळी दुसऱ्या बाजूला गेलेलं दिसतं आणि दोन-तीन दिवसांत कशाला तरी वेढा घातलेला असतो.

ओळखीसाठी सर्वांत चांगला काळ सप्टेंबरअखेर ते डिसेंबर. झालर तयार असते, पानं हिरवी असतात, रस्ते चालण्याजोगे असतात. एकदाच जायचं असेल तर दिवाळीच्या आसपास जा.

१०. एप्रिलमध्ये पाहिला तर पूर्ण वाळला होता. मेला का?

नाही. बारमाही ओल असलेल्या जागी तो हिरवा राहतो, बाकी ठिकाणी उन्हाळ्यात पानं तपकिरी होऊन वाळतात आणि खोड मातीखाली थांबून राहतं. पाऊस आला की तिथूनच परत येतो. राबासाठी गडग्याकडेची झाडी तोडली, वणवा वरून गेला, तरीही खोड फार भाजलं नसेल तर जुलैत नवी पानं असतात.

वाळलेल्या अवस्थेतही ओळख पटते. फ्लेक्सुओसमच्या पर्णिका वाळल्या तरी देठावर चिकटून राहतात, चुरगळलेल्या कागदासारख्या. झालरही दिसते. ही गोष्ट प्रश्न १२ मध्ये उपयोगी पडेल.

११. कोणत्या वनस्पतींशी गल्लत होते?

शतावरी आणि वेलनेचा यांची गल्लत कोवळेपणी होते, दोन्ही नाजूक आणि पिसासारखे. शतावरीला काटे असतात, पुढे पांढरी फुलं येतात. हात लावला की कळतं. घोटवेलीला तणाव्याच्या, म्हणजे आधार पकडणाऱ्या तंतूंच्या जोड्या असतात आणि पान जाड, लांबीने जाणाऱ्या ठळक शिरांचं. करांद्याचं पान हृदयाच्या आकाराचं. कळलावीच्या पानाचं टोकच वळून आधार पकडतं. वेलनेच्यात तणावा नाही, काटा नाही. तो संपूर्ण दोरीने वेढे घेत चढतो.

नेच्यांमध्येच गल्लत होते ती दोघांशी. पहिला डायक्रानोप्टेरिस लिनिअॅरिस. घाटातल्या नव्या कापलेल्या दरडींवर, उघड्या उन्हात याची गुडघाभर ते माणूसभर उंच जाळी माजते. हाही एकमेकांच्या अंगावर रेलत पुढे जातो आणि याचंही पान वाढत राहतं. पण तो वेढे घालत नाही. त्याचं पान दर टप्प्याला दोन फाट्यांत फुटतं, फाट्याच्या बेचक्यात डोळा असतो, पर्णिकांची मागची बाजू पांढुरकी असते आणि बीजाणूंचे गोल ठिपके पानामागे मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना ओळीत असतात. कडेला झालर कधीच नाही. रेलणारा तो डायक्रानोप्टेरिस आणि वेढणारा तो लायगोडियम, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसरा स्टेनोक्लीना पॅलुस्ट्रिस, किनाऱ्यालगतच्या दलदलीतला. त्याचं खोडच झाडावर चढतं आणि त्या खोडावर ठरावीक लांबीची, पिसासारखी पानं येतात. कोवळी पानं लालसर, तकतकीत. चढतंय ते खोड की पान, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारा, निकाल लागतो.

१२. लायगोडियमच्याच दुसऱ्या जाती इकडे आहेत ना? त्या कशा वेगळ्या काढायच्या?

आहेत, आणि खरं अवघड काम इथे सुरू होतं.

मायक्रोफायलम पाण्याजवळचा. दलदल, पाणथळ शेताचे बांध, ओहोळाच्या कडा. पर्णिका लहान, साधारण त्रिकोणी, बुडाशी सपाट किंवा हृदयासारख्या, बिनलवेच्या. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पर्णिका आणि तिचा देठ यांच्यामध्ये सांधा असतो. पिकली की पर्णिका त्या सांध्यावर गळते आणि देठाची काडी तशीच राहते. वाळलेल्या दोरीवर पर्णिका नसलेल्या काड्यांची रांग दिसली तर तो मायक्रोफायलम, सुकलेल्या पर्णिका लोंबत असतील तर फ्लेक्सुओसम.

सर्सिनेटम जास्त पावसाच्या जंगलातला. त्याच्या डोळ्यापासून पीस निघत नाही. लांब, गुळगुळीत, बोटांसारख्या पाळ्यांचा पंजा निघतो. मोठ्या नेच्यातही असा पंजा दिसत राहिला तरच सर्सिनेटमचा विचार करावा, कारण कोवळ्या फ्लेक्सुओसमलाही पंजे असतात (प्रश्न ७).

जपोनिकम हिमालयाच्या पायथ्यापासून जपानपर्यंतचा. जगभर बागांमध्ये शोभेसाठी लावला जातो. त्याच्या पर्णिका पुन्हा पुन्हा चिरलेल्या, कोथिंबिरीची आठवण व्हावी इतक्या बारीक. शहरातल्या बंगल्याच्या जाळीवर दिसलेला वेलनेचा हा असू शकतो, तेव्हा तिथे फ्लेक्सुओसम गृहीत धरू नका.

१३. फोटो पाठवला, तरी तुम्ही "बहुधा" असं म्हणालात. नक्की का सांगत नाही?

कारण फोटोत सांधा दिसत नव्हता, किंवा डोळा, किंवा झालर. एका पिसाच्या फोटोवरून प्रजाती सांगता येते, जात सांगताना चूक होऊ शकते. पुढच्या वेळी पाच फोटो काढा. आधी पूर्ण वेल आणि तिच्या भोवतीची जागा. मग पिसांची जोडी जिथे फुटते तो बुंधा, अगदी जवळून, नखाएवढा भाग चौकट भरून येईल असा. मग सर्वांत खालची आणि टोकाची पर्णिका एकत्र. मग पर्णिकेची मागची बाजू आणि कडा. शेवटी, शक्य असेल तर दोरी मातीतून बाहेर येते ती जागा. मोजमापासाठी बाजूला पट्टी ठेवा. तारीख, गाव, उंची आणि ऊन-सावली लिहा. पान उपटायची गरज नाही.

१४. नेटवर वाचलं की लायगोडियम "आक्रमक" आहे, सगळं गिळून टाकतो. आमच्या बागेतला उपटून टाकू का?

नका टाकू. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि दर वेळी काळजी वाटते, कारण तोवर कुणीतरी गडगा साफ करूनही झालेलं असतं.

नेटवरचं ते लिखाण अमेरिकेतल्या फ्लोरिडाबद्दल आहे. मायक्रोफायलम तिथे शोभेची वेल म्हणून नेला गेला आणि १९६० च्या दशकात रोपवाटिकांबाहेर रानात पसरलेला आढळला. तिथे त्याला खाणारे कीटक नव्हते आणि रोगही नव्हते. तो एव्हरग्लेड्स या तिथल्या दलदलीच्या प्रदेशातल्या झाडांच्या बेटांवर चढला, जाड चादरीसारखा पसरला, खालची झाडं सावलीत गुदमरली. वाळलेल्या दोऱ्या आगीला शिडीसारख्या झाल्या आणि जी आग जमिनीलगत विझायची ती शेंड्यापर्यंत जाऊ लागली. त्याच्यावर उपाय म्हणून २००८ मध्ये तिथे निओमुसोटिमा कॉन्स्परकॅटॅलिस हा छोटा पतंग सोडण्यात आला. त्याच्या अळ्या या नेच्याची पानं खातात. पतंग आला कुठून? नेच्याच्या मूळ प्रदेशातून, म्हणजे आशिया-ऑस्ट्रेलियाच्या या पट्ट्यातूनच.

आपल्याकडे उलट स्थिती आहे. इथे त्याला खाणारे आहेत, कोरडा उन्हाळा आहे, शेजारी तितक्याच जोमाची झुडपं आहेत. तो काठावर राहतो आणि काठ सांभाळतो. आपले काठ खरोखर कोण गिळतंय ते पाहायचं असेल तर रानमोडी, घाणेरी आणि मिकानिया बघा. त्या तिघी बाहेरून आलेल्या आहेत. कोयता त्यांच्यावर चालवा.

१५. पण माझ्या काजूच्या नव्या कलमांवर खरंच चढलाय. काही करायचं की नाही?

करायचं, पण बेताने. दोन-तीन वर्षांच्या कलमाला त्याच्या वजनाने आणि सावलीने त्रास होऊ शकतो. दोऱ्या जमिनीपासून वीतभर उंचीवर कापा आणि वर अडकलेल्या तशाच वाळू द्या. ओढू नका, कोवळ्या फांद्या मोडतात. खोड खणून काढायची गरज नसते. कलमं माणसाच्या उंचीची झाली की त्यांचं नुकसान होत नाही. गडग्यावरचा मात्र राहू द्या.

दुसरी काळजी आगीची. फेब्रुवारीनंतर वाळलेल्या दोऱ्या चटकन पेटतात. जाळरेषा काढताना बागेच्या हद्दीवरच्या वाळक्या दोऱ्या तेवढ्या कापून घ्या.

१६. आम्ही अमेरिकेत राहतो. इथे तोच नेचा दिसला. गावाकडची आठवण म्हणून लावू का? किंवा गावाहून आणू का?

दोन्ही करू नका. फ्लेक्सुओसम आणि मायक्रोफायलम या दोन्ही जाती अमेरिकेच्या संघराज्य पातळीवरच्या घातक तणांच्या यादीत आहेत. फ्लोरिडात तुम्हाला दिसलेला नेचा मायक्रोफायलम किंवा जपोनिकम असण्याची शक्यता फार मोठी आहे. बीजाणू इतके हलके असतात की कपड्यांना, बुटांना चिकटून जातात, आणि मायक्रोफायलमचा एक बीजाणूसुद्धा नवी वसाहत सुरू करू शकतो, दुसऱ्याच्या जोडीची गरज लागत नाही. तिकडे असा भाग फिरून आलात तर बूट, पिशव्या झटकून, पुसूनच पुढे जा. जे झाड इथे आपलं आहे ते तिथे दुसऱ्यांच्या जंगलाचा जीव घेतं. हे मान्य करायला जड जातं, पण दोन्ही खरं आहे.

१७. औषधी आहे का? खाता येतो का?

अनेक भागांत लोक याचं खोड आणि पानं औषधात वापरत आले आहेत. केरळमधल्या संशोधकांनी या जातीच्या अर्काचा उंदरांच्या यकृतावरचा परिणाम तपासून २००६ मध्ये प्रसिद्ध केला. उंदरांवरचा प्रयोग म्हणजे माणसासाठी औषध झालं असं नाही. काढा करून पिऊ नका. खाण्याचंही तसंच. आपल्या डोंगरांतला टेरिडियम हा नेचा खाण्यातून कर्करोगाला कारण ठरू शकणारं द्रव्य बाळगतो, आणि नेचे ओळखण्यात चूक होणं किती सोपं आहे ते वरच्या उत्तरांत आलंच आहे.

१८. याच्या दोरीपासून टोपल्या करतात असं ऐकलं. खरं?

खरं. थायलंडच्या दक्षिणेत नाखोन सी थम्मारात भागात लायगोडियमच्या दोऱ्या सोलून, तासून त्यांच्या अतिशय बारीक विणीच्या पिशव्या आणि डबे करतात. त्या कलेला यान लिपाओ म्हणतात. इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरही सर्सिनेटमपासून टोपल्या विणतात. आपल्या फ्लेक्सुओसमची ताजी दोरी बोटाभोवती गुंडाळून बघा. ती तुटत नाही, सरळही राहत नाही, वळणाचा आकार धरून ठेवते. लिगोडेस या ग्रीक शब्दावरून प्रजातीचं नाव आलं, त्याचा अर्थच विलोच्या फोकासारखं लवचीक.

१९. बागेत लावता येईल का? बीजाणूंपासून रोप कसं करायचं?

येईल, धीर हवा. नोव्हेंबरात तपकिरी झालरीची एक-दोन पर्णिका घ्या, पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवा. दोन दिवसांत कागदावर भुकटी पडते. विटेचा चुरा उकळत्या पाण्याने भिजवून गार करा, उथळ कुंडीत भरा, भुकटी वरून शिंपडा, काचेने झाका आणि थेट ऊन नसलेल्या उजेडात ठेवा. पाणी वरून घालू नका. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवा. काही आठवड्यांत हिरवी साय धरते. ती म्हणजे बीजाणूंपासून आलेली नखाहून लहान हिरवी पाती. त्यांच्यावर फलन होतं आणि पुढे काही महिन्यांनी पंजासारखं पहिलं खरं पान येतं.

मोठ्या रोपाला जांभ्याची माती आणि पानांचं खत, बुडाशी सावली आणि वर चढायला सुतळी द्या. उन्हाळ्यात पानं वाळली तर कुंडी फेकू नका (प्रश्न १०).

२०. रानातून खोड खणून आणलं तर लवकर होईल ना?

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय कुठलीही वनस्पती काढणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. देवराईतून तर एक काडीही आणू नये, तिथला नियम कायद्याहून जुना आहे. स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या विचारून घेतलेल्या गडग्यावरचा तुकडा चालेल. तोही पावसाच्या सुरुवातीला, मातीच्या गोळ्यासकट, दोन-तीन डोळे असलेला. नोव्हेंबरात खणलेलं खोड बहुतेक कुजतं.

२१. आमच्या रस्त्याचं रुंदीकरण झालं आणि गडग्यासकट सगळं गेलं. परत येईल का?

दरड नवी असेल तर आधी डायक्रानोप्टेरिस किंवा गवत येतं. वेलनेच्याला झुडूप लागतं, त्यामुळे तो मागून येतो. आसपास अर्धा-एक किलोमीटरवर त्याचं एखादं ठिकाण शिल्लक असेल तर बीजाणू वाऱ्याने पोहोचतात. करवंद-धायटीची रांग धरू द्या, दर वर्षी मुळापर्यंत साफसफाई करू नका. आमच्या इथे २०१९ मध्ये असाच एक पट्टा मोकळा झाला होता. गेल्या पावसाळ्यात त्या दरडीच्या वरच्या कडेला, एका करवंदीच्या बुंध्याशी, चार बोटांचं पहिलं पान दिसलं. या वर्षी ते चढायला लागलं आहे का, ते बघायला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जाणार आहे.